महाराष्ट्रातील धर्मसमुदाय, हवामान बदल आणि ऊर्जा न्याय

महाराष्ट्रातील धर्मसमुदाय, हवामान बदल आणि ऊर्जा न्याय हा विषय धार्मिक श्रद्धा, निसर्गरक्षण आणि ऊर्जेच्या न्याय्य वाटपाच्या परस्परसंबंधांशी निगडित आहे. देवस्थाने, चर्च, वारकरी परंपरा, आदिवासी श्रद्धाव्यवस्था आणि धार्मिक प्रेरणेने काम करणाऱ्या संस्था यांनी हवामान बदलाच्या प्रश्नाला दिलेला प्रतिसाद त्यात येतो. ऊर्जानिर्मितीचा लाभ कोणाला मिळतो आणि तिची किंमत कोण मोजतो, या प्रश्नावर या समुदायांनी घेतलेल्या भूमिकांचाही त्यात समावेश होतो. शिर्डी येथील सौर स्वयंपाकघर, वसईतील हरित चळवळ आणि नंदुरबार जिल्ह्यातील नर्मदाकाठच्या आदिवासी गावांचा अनुभव ही या विषयाची तीन ठळक उदाहरणे आहेत. पहिल्यात इंधनबचत, दुसऱ्यात पाणी व जमिनीचे रक्षण आणि तिसऱ्यात विजेसाठी झालेले विस्थापन हा मुख्य प्रश्न आहे.

संकल्पना

कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांच्या ज्वलनातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड हे सध्याच्या तापमानवाढीचे मुख्य कारण आहे. या वाढीचे परिणाम सर्वांवर सारखे होत नाहीत. ज्यांचा ऊर्जावापर अत्यल्प आहे, त्या कोरडवाहू शेतकऱ्यांना, मच्छीमारांना, वनवासींना आणि शेतमजुरांना पावसाची अनियमितता, उष्णतेच्या लाटा आणि पूर यांचा फटका अधिक बसतो. या विषमतेच्या विचाराला 'हवामान न्याय' म्हणतात.

'ऊर्जा न्याय' ही त्याला लागून असलेली संकल्पना आहे. तिची सामान्यतः तीन अंगे मानली जातात. पहिले अंग वाटपाचे : वीज व स्वच्छ इंधन कोणापर्यंत पोहोचते आणि धरण, खाण किंवा राखेचा त्रास कोणाच्या वाट्याला येतो. दुसरे अंग निर्णयप्रक्रियेचे : प्रकल्प ठरवताना बाधितांना विचारले जाते काय. तिसरे अंग मान्यतेचे : बाधितांची जीवनपद्धती, भाषा, श्रद्धास्थाने आणि ज्ञान यांना नोंद घेण्याजोगे मानले जाते काय. धर्मसमुदायांचा संबंध तिन्ही अंगांशी येतो. तिसऱ्या अंगाशी तो विशेष जवळचा आहे, कारण देवाचे झाड, पूर्वजांचा दगड किंवा नदीचा घाट यांची किंमत मोजण्याचे कोष्टक सरकारी मूल्यांकनात सहसा नसते.

जागतिक पार्श्वभूमी

इ.स. १९८६ मध्ये इटलीतील असिसी येथे बौद्ध, ख्रिस्ती, हिंदू, इस्लाम आणि ज्यू या पाच धर्मांच्या प्रतिनिधींनी निसर्गरक्षणाविषयीची निवेदने प्रसिद्ध केली. आधुनिक काळात धर्मसंस्थांनी पर्यावरणाच्या प्रश्नावर एकत्र येऊन भूमिका घेण्याचा हा महत्त्वाचा टप्पा मानला जातो. इ.स. २००९ मध्ये मेलबर्न येथील जागतिक धर्मसंसदेच्या वेळी हवामान बदलाविषयी हिंदू निवेदन मांडण्यात आले.

इ.स. २०१५ हे वर्ष या दृष्टीने महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक प्रसिद्ध झाले. पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश हे वेगळे प्रश्न नाहीत, हे त्याचे मध्यवर्ती प्रतिपादन होय. ऑगस्टमध्ये इस्तंबूल येथे मुस्लिम विद्वानांनी जागतिक हवामान बदलाविषयीचे इस्लामी निवेदन जाहीर केले. त्यात नवीकरणीय ऊर्जेकडे वळण्याचे आवाहन होते. डिसेंबरमध्ये पॅरिस करार झाला. त्याआधी इ.स. २०१४ मध्ये जागतिक चर्च परिषदेने जीवाश्म इंधन कंपन्यांत गुंतवणूक न करण्याचा निर्णय घेतला होता. इ.स. २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने धर्मसंस्थांसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला, तर इ.स. २०२३ मध्ये दुबई येथील हवामान परिषदेत प्रथमच धर्मसमुदायांचे स्वतंत्र दालन होते.

भारतातील कायदेशीर पार्श्वभूमीत ओडिशातील नियमगिरी प्रकरणाला विशेष स्थान आहे. डोंगरिया कोंध समाज नियमगिरी पर्वताला आपल्या देवाचे, नियमराजाचे, निवासस्थान मानतो. तेथील बॉक्साइट खाणीबाबत १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की आदिवासींच्या धार्मिक व सांस्कृतिक हक्कांवर प्रकल्पाचा परिणाम होतो काय, याचा विचार ग्रामसभांनी करावा. त्यानुसार झालेल्या १२ ग्रामसभांनी खाण नाकारली. यामुळे देवस्थानाचा प्रश्न आणि नैसर्गिक संसाधनांवरील हक्काचा प्रश्न वन हक्क कायदा, २००६ च्या चौकटीत एकत्र आले.

परंपरेतील आधार

देवराया

महाराष्ट्रात, विशेषतः सह्याद्रीच्या पट्ट्यात, देवाच्या नावाने राखलेल्या वनांना देवराई किंवा देवरहाटी म्हणतात. अशा रायांत झाड तोडणे, काही ठिकाणी तर पडलेली काटकी उचलणेही निषिद्ध मानले जाते. वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि परिसर-शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी इ.स. १९७० च्या दशकापासून या रायांच्या पद्धतशीर नोंदी केल्या. पाण्याचे झरे टिकवणे, दुर्मीळ वनस्पतींना आसरा देणे आणि मातीची धूप रोखणे ही कामे देवराया करतात, हे अशा अभ्यासांतून पुढे आले. जुन्या वृक्षांत साठलेला कार्बन हा त्यांचा आणखी एक लाभ होय. मात्र रस्ते, बांधकामे, मंदिरांचे काँक्रिटीकरण आणि बदलती श्रद्धा यांमुळे अनेक राया आक्रसल्या आहेत.

सातपुड्यातील आदिवासी श्रद्धा

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. इ.स. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी इत्यादी समाज येथे राहतात. त्यांच्या श्रद्धाव्यवस्थेत देव बहुधा देवळाच्या भिंतींत नसतो. तो डोंगर, झाड, शेत, धान्य आणि पाऊस यांत असतो. वाघदेव, गावदेव, धान्याची देवता कणसरी आणि याहा मोगी ही त्यांची प्रमुख दैवते आहेत. याहा मोगीचे स्थान गुजरातच्या नर्मदा जिल्ह्यातील देवमोगरा येथे असून महाशिवरात्रीच्या सुमारास तेथे भरणाऱ्या यात्रेस नंदुरबार जिल्ह्यातूनही मोठ्या संख्येने लोक जातात. दुष्काळात लोकांना अन्न पुरवणारी माता म्हणून तिच्याविषयी कथा सांगितल्या जातात आणि नवे धान्य तिला अर्पण केले जाते.

या समाजांचे अनेक विधी ऋतुचक्राशी बांधलेले आहेत. पावसाळ्यात उगवलेला हिरवा चारा व रानभाज्या यांसाठी पूजा होते आणि नवे धान्य घरात आल्यावर ते प्रथम देवाला अर्पण केले जाते. पूजेआधी नवे पीक किंवा कोवळी भाजी न खाण्याचा संकेत अनेक गावांत पाळला जातो. वनस्पतींना वाढीसाठी अवधी देणारा नियम म्हणूनही त्याकडे पाहता येते. पाऊस लांबला किंवा एकदम कोसळला, तर पेरणीबरोबर विधींचे वेळापत्रकही कोलमडते. मध्य भारतातील व्यापक अतिवृष्टीच्या घटना इ.स. १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचे इ.स. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. पावसावर अवलंबून असलेल्या शेतीला हा बदल थेट जाणवतो. हवामान बदल हा येथील लोकांसाठी केवळ तापमानाचा आकडा नाही, तर पंचांगातला बिघाडही आहे.

श्रद्धेच्या आधाराने समाज संघटित होण्याची परंपराही या भागात आहे. इ.स. १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातील मोरवड (रंजनपूर) येथील संत गुलाम महाराज यांनी सामूहिक आरतीच्या माध्यमातून व्यसनमुक्तीची मोठी चळवळ उभी केली. शहादा परिसरातील अंबरसिंग महाराज यांनी भजन मंडळांतून लोकजागृती केली. इ.स. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या श्रमिक संघटनेच्या जमीन व मजुरीच्या लढ्यात त्यांचा प्रमुख वाटा होता. पुढील काळात जल, जंगल, जमीन यांविषयी झालेल्या चळवळींना ही पूर्वपीठिका लाभली.

नर्मदाकाठ : विजेसाठी बुडालेली गावे

सरदार सरोवर प्रकल्प हा ऊर्जा न्यायाच्या दृष्टीने महाराष्ट्रातील सर्वाधिक चर्चिलेला विषय आहे. नर्मदा जलविवाद लवादाने डिसेंबर १९७९ मध्ये अंतिम निवाडा दिला. त्यानुसार प्रकल्पातून निर्माण होणाऱ्या विजेपैकी ५७ टक्के मध्य प्रदेशाला, २७ टक्के महाराष्ट्राला आणि १६ टक्के गुजरातला मिळते. नदीपात्रातील १,२०० मेगावॅट आणि कालव्याच्या मुखाशी असलेले २५० मेगावॅट अशी एकूण स्थापित क्षमता १,४५० मेगावॅट आहे. महाराष्ट्राच्या वाट्याला मुख्य लाभ विजेचा आला आणि त्यासाठी अक्कलकुवा व अक्राणी (धडगाव) तालुक्यांतील ३३ गावे बुडीत क्षेत्रात गेली. ही गावे प्रामुख्याने आदिवासी असून त्यांतील अनेक पाड्यांवर तेव्हा विजेचा दिवा नव्हता.

बाधितांच्या संघटनेस इ.स. १९८६ मध्ये नर्मदा धरणग्रस्त समितीच्या रूपाने आरंभ झाला. पुढे तीन राज्यांतील संघटना मिळून नर्मदा बचाव आंदोलन उभे राहिले. मेधा पाटकर या त्याच्या प्रमुख नेत्या होत. मणिबेली हे महाराष्ट्रातील बुडिताचा फटका प्रथम बसलेले गाव. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने जून १९९२ मध्ये दिलेल्या अहवालात पुनर्वसन व पर्यावरणविषयक त्रुटींवर टीका केली आणि मार्च १९९३ मध्ये या प्रकल्पासाठीचे बँकेचे उर्वरित कर्ज थांबले. इ.स. १९९४ मध्ये जगभरातील संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने कर्ज देऊ नये, अशी मागणी करणारा जाहीरनामा काढला. त्याला या गावावरून 'मणिबेली जाहीरनामा' असे नाव देण्यात आले. १८ ऑक्टोबर २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने टप्प्याटप्प्याने धरण पूर्ण करण्यास अनुमती दिली. १३८.६८ मीटर उंचीपर्यंत पूर्ण झालेले धरण १७ सप्टेंबर २०१७ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आले.

श्रद्धास्थानांचे बुडीत

मणिबेलीजवळील शूलपाणेश्वराचे प्राचीन मंदिर जलाशयात गेले. हे स्थान नर्मदा परिक्रमेच्या वाटेवरील महत्त्वाचे तीर्थ होते. त्याऐवजी गुजरातमधील गोरा येथे नवे मंदिर बांधण्यात आले. शिखर, गाभारा व नोंदणी असलेल्या देवस्थानाच्या बाबतीत असे स्थलांतर कल्पनेत तरी बसते. वाघदेवाचे झाड, गावदेवाची जागा किंवा पूर्वजांच्या स्मरणार्थ उभारलेले दगड-खांब यांच्या बाबतीत प्रश्न वेगळा असतो. तेथे देव आणि जागा यांना एकमेकांपासून वेगळे करता येत नाही. जमिनीला जमीन आणि घराला भरपाई देण्याची तरतूद लवादाच्या निवाड्यात होती. तथापि डोंगर, नदी आणि दैवते यांच्याशी असलेल्या नात्याला पर्याय कोणता, या प्रश्नाला पुनर्वसनाच्या चौकटीत उत्तर नव्हते.

विस्थापितांपैकी अनेकांचे पुनर्वसन तळोदा तालुक्यात सोमावल, रोझवा इत्यादी ठिकाणी झाले. त्यासाठी वनजमीन मोकळी करण्यात आली. त्या जमिनी आधीपासून कसणाऱ्या स्थानिक आदिवासींशी त्यामुळे संघर्ष निर्माण झाला. एका प्रकल्पाच्या विजेसाठी एका आदिवासी समूहाला हलवताना दुसऱ्या समूहावर भार पडला, हे या प्रकरणाचे एक कमी चर्चिले गेलेले अंग आहे.

गावाची स्वतःची वीज

बुडीत क्षेत्रातील गावांनी छोट्या प्रमाणावर वीजनिर्मितीचे प्रयोगही केले. अक्राणी तालुक्यातील डोमखेडी येथे लहान ओढ्याच्या पाण्यावर चालणारा सूक्ष्म जलविद्युत संच बसवण्यात आला. त्यानंतर इ.स. २००३ मध्ये बिलगाव येथे उदय नदीच्या धबधब्याचा उपयोग करून सुमारे १५ किलोवॅट क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. केरळमधील तरुण अभियंत्यांचे तंत्रसाहाय्य, परदेशस्थ भारतीयांच्या संस्थेची आर्थिक मदत आणि गावकऱ्यांचे श्रमदान यांतून तो उभा राहिला. धबधब्याच्या वरच्या अंगाला लहान बांध घालून पाणी पाटाने एका टाकीत घेणे, तेथून नळाद्वारे खाली सोडणे आणि त्या वेगावर चक्र फिरवणे अशी त्याची साधी रचना होती. चक्रातून बाहेर पडलेले पाणी पुन्हा नदीला मिळत असे. त्यासाठी मोठा जलाशय किंवा विस्थापन आवश्यक नव्हते. इ.स. २००४ मधील 'स्वदेस' या हिंदी चित्रपटाच्या कथेशी या प्रयोगाचा संबंध जोडला जातो.

सरदार सरोवराची उंची वाढत गेल्यावर, इ.स. २००६ च्या पावसाळ्यात, बिलगावचा प्रकल्प फुगलेल्या पाण्याखाली गेला. मोठ्या धरणाच्या पाण्याने गावाच्या छोट्या विजेचा घास घ्यावा, ही घटना ऊर्जा न्यायाच्या चर्चेत वारंवार उद्धृत केली जाते. क्षमतेच्या दृष्टीने दोन्ही प्रकल्पांची तुलना होऊ शकत नाही. १५ किलोवॅट म्हणजे १,४५० मेगावॅटचा सुमारे एक लाखावा भाग. परंतु पाड्यावर दिवा लावण्यास तो भाग पुरेसा होता, हे या प्रयोगाने दाखवले.

देवस्थाने आणि सौर ऊर्जा

शिर्डी येथील श्री साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात इ.स. २००९ मध्ये सौर वाफेवर अन्न शिजवण्याची यंत्रणा कार्यान्वित झाली. त्या वेळी ती जगातील अशा प्रकारच्या सर्वांत मोठ्या यंत्रणांपैकी एक म्हणून ओळखली गेली. प्रसादालयाच्या छतावर ७३ अंतर्वक्र तबकड्या बसवलेल्या आहेत. वोल्फगांग शेफलर यांनी विकसित केलेल्या रचनेवर त्या आधारित असून प्रत्येकीचे क्षेत्रफळ सुमारे १६ चौरस मीटर आहे. आरशांनी परावर्तित केलेला सूर्यप्रकाश ग्राहकावर एकवटतो, त्यातील पाण्याची वाफ होते आणि ती नळांद्वारे स्वयंपाकघरातील भांड्यांपर्यंत नेली जाते. दिवसभर सूर्याचा माग ठेवण्यासाठी तबकड्या हळूहळू फिरतात. ढगाळ दिवशी किंवा रात्री गॅसवर चालणारे बाष्पक वापरता येते, त्यामुळे अन्नदानात खंड पडत नाही. भात, वरण, भाजी यांसारखे उकडून किंवा शिजवून होणारे पदार्थ वाफेवर तयार होतात. भाजण्या-तळण्याच्या पदार्थांसाठी मात्र वेगळे इंधन लागते. प्रकल्पाच्या खर्चाचा काही भाग केंद्र शासनाच्या अनुदानातून आला. या पद्धतीचा वापर त्यापूर्वी राजस्थानातील अबू रोड येथे ब्रह्माकुमारी संस्थेने केला होता.

अंत्यसंस्कारातील इंधनाच्या प्रश्नावरही प्रयोग झाले आहेत. लाकडाऐवजी शेतातील काडीकचरा दाबून तयार केलेले 'मोक्षकाष्ठ' नागपूर येथील दहनघाटांवर वापरले जाते. विद्युत व गॅस दाहिन्या अनेक शहरांत असल्या, तरी चितेची विधिपरंपरा सोडण्यास नाखूश असणाऱ्यांसाठी हा मधला मार्ग ठरतो.

वारकरी परंपरा

आषाढी वारी ही खरीप पेरणीच्या काळाशी जोडलेली आहे. पेरणी उरकून किंवा पावसाची वाट पाहत शेतकरी पंढरपूरची वाट धरतात. त्यामुळे पाऊस लांबल्याचा परिणाम दिंड्यांतील उपस्थितीवर आणि वाटेवरील पाण्याच्या सोयीवर दिसतो. वृक्षवेलींना आप्त मानणारा संत तुकारामांचा अभंग महाराष्ट्रातील वृक्षारोपण कार्यक्रमांत सर्रास आधारभूत मानला जातो. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'पर्यावरणाची वारी, पंढरीच्या दारी' या उपक्रमात कीर्तन, भारूड, पथनाट्य यांद्वारे वारीच्या मार्गावर जागृती केली जाते. इ.स. २०१५ पासून 'निर्मल वारी' अंतर्गत पालखी मुक्कामांवर फिरती शौचालये पुरवण्यात येऊ लागली. इंद्रायणी व चंद्रभागा या तीर्थनद्यांचे प्रदूषण हा मात्र वारकऱ्यांच्या चिंतेचा विषय राहिला आहे. वारकरी ज्या पाण्याला तीर्थ मानतात, त्यात मिसळणारे शहरी व औद्योगिक सांडपाणी रोखणे त्यांच्या हाती नाही.

ख्रिस्ती समाज

वसई परिसरात इ.स. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बेसुमार बांधकामे, विहिरींच्या पाण्याचा टँकरद्वारे उपसा आणि त्यामागील दहशत यांविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीने लढा दिला. कॅथॉलिक धर्मगुरू व मराठी लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे तिचे नेते होते. या चळवळीत ख्रिस्तीधर्मीयांबरोबर अन्य समाजांचे लोकही सहभागी झाले. 'सुवार्ता' या मराठी नियतकालिकाचे माजी संपादक दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. इ.स. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. वसईचा लढा हवामान बदल हा शब्द रूढ होण्यापूर्वीचा असला, तरी भूजल, पाणथळ जागा आणि बागायती यांच्या रक्षणाचा त्याचा विषय आज हवामान अनुकूलनाचा भाग मानला जातो.

गोव्यात मुरगाव बंदरातून कर्नाटकातील पोलाद उद्योगांकडे होणाऱ्या कोळसा वाहतुकीस विरोध करणारी चळवळ उभी राहिली. इ.स. २०२० मध्ये मोले परिसरातील रेल्वे दुपदरीकरण, महामार्ग रुंदीकरण आणि वीजवाहिनी या प्रकल्पांविरुद्ध तिला धार आली. गोव्याच्या आर्चडायोसिसच्या सामाजिक न्याय व शांतता परिषदेने या विरोधाला पाठिंबा दिला. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे दुपदरीकरणास राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने दिलेली मान्यता रद्द केली.

वनसंवर्धन

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील बारीपाडा हे कोकणा आदिवासींचे गाव वनसंवर्धनासाठी प्रसिद्ध आहे. वनवासी कल्याण आश्रमाशी संबंधित चैत्राम पवार यांच्या नेतृत्वाखाली गावकऱ्यांनी इ.स. १९९० च्या दशकात उजाड डोंगरांवर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी लागू केली आणि जलसंधारणाची कामे केली. तेथे भरणारी रानभाज्यांची पाककला स्पर्धा सर्वदूर परिचित आहे. पवार यांना इ.स. २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वन हक्क कायद्यानुसार मिळणाऱ्या सामूहिक वनहक्कांमुळे अशा प्रयत्नांना कायदेशीर आधार मिळू शकतो.

टीका आणि वादाचे मुद्दे

धर्मसमुदायांच्या या कार्याविषयी पुढील आक्षेप व मतभेद नोंदवले जातात :

प्रतीकात्मकता : वृक्षारोपण किंवा देवळाच्या छतावरील सौर पट्ट्या यांनी देवस्थानाचे वीजबिल कमी होते. परंतु यात्रांतील वाहने, रोषणाई, जनित्रे आणि प्लास्टिक यांचा हिशेब त्यात धरला जात नाही.

दान आणि न्याय यांतील फरक : इंधन वाचवणारे उपक्रम लोकप्रिय ठरतात, कारण त्यांत कोणाचा विरोध ओढवत नाही. वीज कोणासाठी आणि कोणाच्या जमिनीवर, हा प्रश्न विचारणारे गट मात्र शासन व उद्योग यांच्याशी संघर्षात येतात. श्रीमंत देवस्थाने पहिल्या प्रकारात आणि बाधित समाज दुसऱ्या प्रकारात आढळतात.

नवीकरणीय ऊर्जा आणि जमीन : सौर व पवन ऊर्जा प्रदूषणमुक्त असली, तरी तिलाही जमीन लागते. साक्री तालुक्यात मोठे सौर व पवन प्रकल्प उभे आहेत. तेथील पवनचक्क्यांसाठीच्या वनजमिनींवरून आदिवासींच्या हक्कांचे वाद झाले. धुळे जिल्ह्यातीलच विखरण येथील एका वृद्ध शेतकऱ्याने ऊर्जा प्रकल्पासाठी संपादित जमिनीच्या मोबदल्याच्या तक्रारीवरून जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष प्राशन केले. त्यात त्यांचा मृत्यू झाला. ऊर्जेचा स्रोत बदलल्याने अन्याय आपोआप संपत नाही, असे अभ्यासक यावरून म्हणतात.

आदिवासी श्रद्धेचे आदर्शीकरण : आदिवासी जन्मतः निसर्गरक्षक असतात, हे विधान गौरवाचे वाटले तरी अपुरे आहे. सरपण, महुआ, तेंदूपाने आणि शेती यांसाठी त्यांचे जंगलाशी असलेले नाते उपजीविकेचे आहे. त्यांनाही दवाखाना, शाळा, रस्ता आणि वीज हवी असते. निसर्ग जपण्याची जबाबदारी त्यांच्यावर आणि विजेचा उपभोग इतरांना, ही वाटणी न्याय्य ठरत नाही.

धार्मिक ओळख : आदिवासींचा धर्म स्वतंत्र मानावा की हिंदू धर्माचा भाग, याविषयी आदिवासी समाजात व बाहेर मतभेद आहेत. पर्यावरणविषयक उपक्रमांकडेही त्यामुळे काही वेळा धर्मप्रसाराच्या संशयाने पाहिले जाते.

स्त्रियांचे स्थान : सरपण व पाणी आणण्याचा भार आणि चुलीच्या धुराचा त्रास प्रामुख्याने स्त्रियांना होतो. परंतु देवस्थानांच्या विश्वस्त मंडळांत, पंचांत आणि अनेक विधींत त्यांना निर्णयाचे स्थान क्वचितच असते.

सद्यस्थिती

इ.स. २०१६ मधील उज्ज्वला आणि इ.स. २०१७ मधील सौभाग्य या केंद्रीय योजनांमुळे गॅसजोडणी व वीजजोडणीचा विस्तार झाला. दुर्गम पाड्यांवर सौर दिव्यांचाही उपयोग केला जातो. मात्र जोडणी मिळणे आणि पुरवठा परवडणे, टिकणे या भिन्न गोष्टी आहेत. सिलिंडर भरून घेण्याची ऐपत नसल्यास चूल पुन्हा पेटते. सौर संचाची बॅटरी बंद पडल्यास दुरुस्ती करणारा जवळपास नसतो. बिलगावच्या प्रयोगात गावकऱ्यांच्या सहभागावर दिलेला भर या दृष्टीने लक्षणीय ठरतो.

नंदुरबारच्या नर्मदाकाठी बुडिताबाहेर राहिलेल्या पाड्यांचा संपर्क अनेक ठिकाणी जलाशयातील बोटींवर अवलंबून आहे. पूर्वी ज्या नदीच्या काठाने परिक्रमावासी चालत, ती आता तेथे विस्तीर्ण तळ्यासारखी पसरलेली आहे. पुनर्वसनाचे काही दावे दीर्घकाळ प्रलंबित राहिले. दुसरीकडे पुनर्वसित वसाहतींत होळी, पूजा व नव्या धान्याचे विधी नव्या जागी पुन्हा सुरू झाले आहेत. अक्कलकुवा तालुक्यातील काठी येथील राजवाडी होळीस दूरदूरच्या पाड्यांवरून आदिवासी बांधव एकत्र येतात.

हे सुद्धा पहा

नर्मदा बचाव आंदोलन
सरदार सरोवर प्रकल्प
देवराई
याहा मोगी
वन हक्क कायदा, २००६
फ्रान्सिस दिब्रिटो
पंढरपूरची वारी
सौर ऊर्जा